थांबायला लावणारे कुलूप

पद्मिनी गाडीची किल्ली हरवली म्हणून आमच्या नाना पेठेत कुणी रडवेला होऊन येत नसे. चौकातला किल्लीवाला कोरी किल्ली कानशीने घासून द्यायचा. तो जेवायला गेलेला असला, तर आम्ही वायरमन लोक इग्निशन डायरेक्ट करून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचो. चोरालाही तेवढेच करावे लागे, हे वेगळे सांगायला नको. तिच्या लेखी मालक आणि चोर सारखेच. करंट आला की ती निघाली.

आताचे गिऱ्हाईक गाडी टो करून आणते. डॅशबोर्डवर किल्लीचे चित्र लुकलुकत असते, सेल्फ मारला की इंजिन क्षणभर धडधडते आणि बंद पडते. बहुतेक वेळा आधी कुणीतरी स्वस्तातला स्कॅनर लावून अंदाजाने पिन कोड मारून बघितलेले असतात आणि गाडीने स्वतःला बंद करून घेतलेले असते. अशा वेळी मी खुर्ची पुढे करतो. “बसा साहेब, चहा घ्या. आता घाई करून काही होणार नाही.” लोकांना वाटते, वायरमन टाळतोय. पण या वाट पाहायला लावण्यातच इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या कुलपाचा, सगळा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

त्याची सुरुवात चिपने झाली नाही. १९८६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीच्या पात्यात एक बारीकसा रेझिस्टर बसवला. तो १५ निरनिराळ्या किमतींपैकी एका किमतीचा असे. आमच्यासारख्याला हसू येईल, मल्टिमीटर लावला की गुपित बाहेर! पण त्या पंधरांवर त्यांची भिस्तच नव्हती. चुकीची किल्ली फिरवली की गाडी दोन ते चार मिनिटे काहीच ऐकत नसे. चोराच्या हातात खरी किल्ली नसताना पंधराही किमती लावून बघायच्या, तर जवळजवळ तास मोडणार. भर रस्त्यात दुसऱ्याच्या गाडीत तासभर बसायला कुठला चोर तयार होईल?

पुढची गोष्ट जर्मनीची. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या गाड्या चोरीला जाऊन पूर्वेकडे जाऊ लागल्या. भरपाई देऊन टेकीला आलेल्या विमा कंपन्यांनी कारखानदारांना इलेक्ट्रॉनिक बंदोबस्त करायला लावला. १९९५ साली युरोपीय संघाने नियम काढला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीच्या डोक्यात काचेची किंवा कार्बनची इवलीशी चिप आली. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून ती स्वतःपुरती वीज घेते आणि आपली ओळख सांगते. ती ओळख इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, पटली तरच इंधन आणि स्पार्क मिळतो. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा हिशोब मांडला, तेव्हा या सक्तीमुळे कारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे निघाले.

त्या पहिल्या पिढीतली मला सर्वांत आवडते ती फियाटची व्यवस्था. युरोपातल्या गाडीबरोबर रोजच्या निळ्या किल्ल्या आणि एक लाल किल्ली मिळे. नवी किल्ली गाडीला शिकवायची तर लाल किल्ली हवीच. ती हरवली तर कंट्रोल युनिटच बदलायची पाळी. शिवाय एका कार्डावर पाच आकडी कोड असे. चिप बिघडली तर डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजत ॲक्सिलरेटर दाबून एकेक आकडा गाडीला सांगायचा! स्कॅनर नको, इंटरनेट नको, कंपनीचा माणूस नको. ज्याच्या घरात कार्ड, तो मालक. फोक्सवॅगनने किल्लीसोबत एक बिल्ला दिला होता. त्यावरचा थर खरवडला की खाली चार आकडी गुप्त कोड. चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात. ते संगणकाने चुटकीसरशी मारून बघू नयेत, म्हणून चूक झाली की थांबा, पुन्हा चूक झाली की आणखी थांबा. फोर्डच्या काही गाड्या तर अधिकृत यंत्र लावले तरी दहा मिनिटे थांबवून ठेवत.

नंतर हे कोड कंपन्यांच्या संगणकात गेले आणि मालकाच्या हाती काही उरले नाही. मला हे तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

गुप्ततेने कुलूप पक्के झाले म्हणावे, तर तेही नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमध्ये ४० बिटांची चावी होती, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त शक्यता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी २००५ मध्ये ती तासाभरात काढून दाखवली. मेगामोस नावाच्या चिपमधली खोट दुसऱ्या संशोधकांनी शोधली, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ साली लंडनच्या हायकोर्टातून त्यांचा निबंध अडवला. दोन वर्षांनी तो छापून आला, एक वाक्य गाळून!

चोरांना मात्र निबंधाची गरज पडली नाही. प्रदूषण तपासणीसाठी अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झालेले १६ पिनांचे सॉकेट त्यांना पुरले. २०१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्यातूनच कोऱ्या किल्ल्या शिकवून बीएमडब्ल्यू पळवल्या जात होत्या. म्हणून इमोबिलायझरच बिनकामाचा म्हणायचे का? अमेरिकेत तो कधीच सक्तीचा झाला नाही. २०१५ सालच्या ह्युंदाई-किया गाड्यांपैकी तिथे जेमतेम २६ टक्के मॉडेलांत तो होता, बाकीच्या कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत. पुढे पोरेटोरे यूएसबीची पिन लावून इमोबिलायझर नसलेल्या त्याच गाड्या पळवू लागली. कॅनडात तो २००७ पासून सक्तीचा होता, तिथे ही युक्ती चालली नाही.

आपल्याकडे चोरापेक्षा गॅरेजवाल्याचाच रस्ता जास्त अडला. कंपन्यांची यंत्रे आणि सॉफ्टवेअर बाहेरच्या मेस्त्रीला विकत मिळत नसत. त्यावर तक्रार झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग, माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना द्या, असे बजावले. निकाल योग्यच होता. साधन खुले हवे, पण ते कुणी, कुठल्या गाडीवर वापरले याची नोंद झाली पाहिजे. आमच्याकडे आरसी आणि मालकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय किल्लीच्या कामाला हात लावला जात नाही. ज्यांना राग येतो त्यांनी यावा.

जुनी गाडी घेणार असाल तर टायर नंतर बघा. आधी दोन्ही किल्ल्या आणि असेल तर कोडचे कार्ड मागा, दोन्ही किल्ल्यांनी गाडी चालू करून पाहा. एकच किल्ली मिळत असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करा. कारण गाडी चोरीला गेली, तर भरपाई देण्यापूर्वी विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.