ओवीतली प्रार्थना



गेल्या ऑक्टोबरात आमच्या बचत गटाची सभा लांबली. हप्ते मोजून झाले, ठराव वहीत लिहिला आणि मी निघायची घाई करू लागले. घरी तेर्साची वेळ झाली होती. तेर्स म्हणजे आम्हा कॅथलिक लोकांची माळेवरची प्रार्थना. ऑक्टोबर हा तिचाच महिना.

गटातल्या एका वयस्कर काकींनी विचारलं, "बाय, तुमी देवाक खंयच्या भाषेत हाक मारतास?"

मी म्हटलं, "आपल्याच की, काकी."

"मगे इतकी घाई कित्याक?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते मनाला लागलं. कितीतरी वर्षं मी माळ ओढत होते, पण तोंडात प्रार्थना आणि डोक्यात पासबुक. आमेन म्हणून उठले की काय म्हटलं ते आठवत नसे. देव आहे यावर विश्वास होता, पण त्याच्याशी बोलणं कधीच थांबलं होतं.

काकींच्या प्रश्नामुळे मला बी.ए.चं एक पुस्तक आठवलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'ख्रिस्तपुराण' म्हणून एक छोटी टीप होती. तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली होती. आता नीट वाचायला घेतली.

ही गोष्ट आपल्या विजयदुर्गाच्या दक्षिणेला, याच किनाऱ्यावर घडली. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण 1575 साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाला. 4 एप्रिल 1579 ला तो लिस्बनहून जहाजात बसला आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला उतरला. सहा महिन्यांहून जास्त पाण्यावर! पुढची चाळीस वर्षं तो इथेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत. 1619 साली गोव्यातच वारला.

तो काळ बरा नव्हता, हेही सांगायला हवं. साष्टीतली देवळं 1567 मध्ये पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी उठाव केला, त्यात येशूसंघाचे पाच जण मारले गेले आणि मग गावावर सूड उगवला गेला. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या जुन्या पोथ्याही बंद झाल्या. आमचे पूर्वज कुणी मनाने आले, कुणी धाकाने. ते लपवून प्रार्थना खरी होत नाही.

स्टीफन्सच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. रविवारी मुलं धर्मशिक्षण घेत बसली आहेत, आणि एक जाणता माणूस पाद्रीबाबांना विचारतो, की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी का देत नाही? काकींचा प्रश्न आणि हा प्रश्न मला सख्ख्या बहिणी वाटल्या. नुसती पाठ केलेली उत्तरं पुरत नाहीत, मनाला धरून बसायला काहीतरी लागतं, हेच तो माणूस सांगत होता.

त्याला उत्तर म्हणून स्टीफन्सने दहा हजारांहून जास्त ओव्यांचं पुराण मराठीत रचलं. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जन्मापर्यंत पहिलं पुराण, आणि येशूचं सगळं चरित्र दुसऱ्यात. मराठी भाषेला त्याने रत्नाची, मोगऱ्याची, कस्तुरीची उपमा दिली. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. 1616 मध्ये साष्टीतल्या राशोल इथे ते छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते.

आणि ओवीच का? ज्ञानेश्वरी ओवीत, एकनाथांचं भागवत ओवीत. आणि आपल्या आज्या जात्यावर म्हणत त्याही ओव्याच. ओवी ऐकून पाठ होते, अक्षर यावं लागत नाही. चर्चमध्ये वाचलेली कथा घरी चुलीपर्यंत नेता येते. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिच्यासाठी हा केवढा आधार!

पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला. ख्रिस्तपुराणही 1654 नंतर अडीचशे वर्षं छापलं गेलं नाही. तरी हाताने केलेल्या नकला टिकल्या. त्या तपासून 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापलं आणि 1956 मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणलं. चर्चमधली मिस्सा मातृभाषेत व्हायला तर 1962 ते 65 ची व्हॅटिकन परिषद यावी लागली. तोवर ती लॅटिनमध्येच होत होती.

स्टीफन्स ज्या येशूसंघाचा, त्याचे संस्थापक संत इग्नाती. त्यांनी प्रार्थनेची एक रीत सांगितली आहे. शुभवर्तमानातला एकच प्रसंग घ्यायचा आणि मनाने तिथे जाऊन उभं राहायचं. कोण काय बोलतं ते ऐकायचं, मग मित्राशी बोलावं तसं येशूशी बोलायचं. दिवस संपताना मनाचा हिशेब करायचा. आज देवाने काय दिलं, मी कुठे चुकले, उद्या काय करू.

हिशेब म्हटल्यावर मला ते पटकन समजलं. आपण गटाची वही रोजच्या रोज लिहितो, म्हणून वर्षअखेरीला भांडण होत नाही. मनाची वही मात्र मी वर्षानुवर्षं कोरी ठेवली होती.

आता मी काय करते ते सांगते. तेर्साचे पाच भाग असतात आणि प्रत्येक भागाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग नेमलेला असतो. घरच्यांबरोबर पूर्ण तेर्स होतोच. पण सगळे झोपल्यावर मी एकच भाग घेते. दहाच मणी, सावकाश. गरोदर मरिया डोंगराळ वाटेने एलिझाबेथला भेटायला गेली, तो प्रसंग मला जवळचा. अडलेल्या बाईकडे दुसरी बाई चालत गेली. मी मनाने त्या वाटेवर चालते. कधी मध्येच बँकेचं कर्ज आठवतं. पूर्वी मी स्वतःवर चिडायचे, आता ते कर्जही देवासमोर ठेवते आणि पुन्हा वाटेला लागते. शेवटी दोन मिनिटं हिशेब.

रोज गोड वाटतं असं नाही. कधी डोळा लागतो, कधी नुसती शांतता असते. पण सभेत कुणी हप्ता चुकवला की माझा आवाज चढायचा, तो हल्ली आधी मला ऐकू येतो. पुष्कळदा खाली येतो.

परवा मी काकींना ख्रिस्तपुराणातल्या दोन ओव्या वाचून दाखवल्या. अर्थ सगळा लागला नाही, पण त्या मान डोलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाल आमचीच आसा गो." आणि त्यांच्या आईची जात्यावरची एक ओवी म्हणून दाखवली. त्या दिवशी सभा पुन्हा लांबली. मला घाई नव्हती.