सामायिक फोल्डर, एक चावी आणि न्हावा शेवा

१/ २७ जून २०१७. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचे संगणक बंद पडले. ‘नॉटपेट्या’चा हा हल्ला युक्रेनमध्ये सुरू झाला होता. तो रायगडच्या किनाऱ्यापर्यंत कसा पोहोचला, हे जाणण्यासाठी कार्यालयातील सामायिक फोल्डरचा इतिहास पाहावा लागतो.

२/ एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेत अनेकजण एकच संगणक वापरीत, म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने वापराचा वेळ वाढवून मिळावा म्हणून पासवर्डची सगळी यादीच छापून घेतली! कुलूप आणि कुलूपतोड ही जवळजवळ जुळी भावंडे म्हणायची.

३/ पुढे युनिक्सने माणसांचे तीन वर्ग केले: मालक, गट आणि इतर. १९९३ च्या विंडोज एनटीने नावानिशी परवानग्यांची यादी ठेवली. हे दोन कायदे एकाच कार्यालयात नांदणार कसे? १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले ‘सांबा’ त्यांच्यातील दुभाषा ठरले. आज मुरुडच्या एखाद्या पतसंस्थेत लिनक्स यंत्रावरील फोल्डर विंडोजवर उघडत असेल, तर तो बहुधा सांबामुळेच. तेथे दारे दोन असतात, एक शेअरच्या परवानगीचे आणि दुसरे फाइलच्या. दोन्हींपैकी जी परवानगी कडक, तीच चालते.

४/ मात्र विंडोजमध्ये प्रशासकासाठी ‘अ‍ॅडमिन डॉलर’ नावाचा एक लपलेला शेअरही असतो. नॉटपेट्या एका संगणकाच्या मेमरीतून प्रशासकाचा पासवर्ड उचली आणि त्या शेअरमधून शेजारच्या संगणकात स्वतःची प्रत ठेवी. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली दुरुस्ती बसवलेली यंत्रेही यामुळे पडली. जेथे फट बुजलेली होती, तेथे चोर खऱ्या चावीने दारातून आला. रोजच्या टंकलेखनासाठीही प्रशासकाचेच खाते वापरणाऱ्या कार्यालयांनी हे ध्यानात घ्यावे.

५/ कोणाला कोठे प्रवेश आहे, याची नोंदवही म्हणजे डोमेन कंट्रोलर. मर्स्ककडे अशा सुमारे १५० प्रती होत्या आणि त्या परस्परांशी जुळवून घेत असत. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांच्या वृत्तांतानुसार त्या सर्व पुसल्या गेल्या. वाचली ती केवळ घानामधील. हल्ल्यापूर्वीच तेथील वीज गेली होती! (भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या आपल्या मराठवाड्याने नोंद घ्यावी.) घानातील इंटरनेट मंद होते, आणि तेथील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एका कर्मचाऱ्याने ती हार्ड डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तेथून ती विमानाने लंडनला गेली.