हरकती व सूचना : वऱ्हाडच्या कापूसबाजाराची एक जुनी गोष्ट

कापसाच्या हंगामांत अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारांत जो गेला आहे, त्यास गाड्यांची रांग, अडत्यांची लगबग आणि काट्यापाशीं उभा असलेला मापारी यांचें वर्णन सांगावयास नको. परंतु या बाजारास कायद्याचें बंधन सगळ्या हिंदुस्थानांत प्रथम आपल्या वऱ्हाडांतच पडलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आज वाशिम जिल्ह्यांत असलेल्या कारंजा येथें १८८६ सालीं हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें असा पहिला बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. तो कोणास विचारून झाला, एवढेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

१८५३ च्या तहानें निजामाचें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, तरी तें ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झालें नाहीं. त्यामुळें येथील कायदे कौन्सिलांत वादविवाद होऊन नव्हे, तर सरकारी हुकुमानें लागू होत. अमेरिकेंतील यादवी युद्धापासून आपल्या कापसास विलायतेंत मागणी आली होती. १८७० सालीं खामगांवास आगगाडी पोंचली, तेव्हां गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो जातीनें उद्घाटनास आले, यावरूनच त्या कापसाचा मान ध्यानांत यावा. तेव्हां गिरण्यांस चांगला माल मिळावा ही सरकारची मुख्य काळजी होती. शेतकऱ्याचें हित त्या कायद्यांत मुळींच नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. अडत्यांस व मापाऱ्यांस परवाना घ्यावा लागला, त्यानें त्याचें थोडेंबहुत भलें झालेंच. पण बाजाराची व्यवस्था ज्या कमिटीकडे सोंपविली, तींत नगरपालिकेचे व व्यापाऱ्यांचे प्रतिनिधि बसत. ज्यानें कापूस पिकविला त्यास तेथें जागा नव्हती.

योगायोग असा कीं, त्याच १८९७ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’ झाला. तो आजहि अमलांत आहे. त्याचें तेविसावें कलम वाचण्यासारखें आहे. मूळ कायद्यांत पूर्वप्रसिद्धीची अट असेल, तर नियमाचा मसुदा आधीं छापावा, त्याचा विचार कोणत्या तारखेस होईल तें सांगावें, आणि आलेल्या हरकती व सूचना लक्षांत घ्याव्या, असें तें सांगतें. सरकारी जाहिरातींत ‘हरकती व सूचना’ हे शब्द आपण नेहमीं पाहतों, ते या कलमांतहि आहेत. मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत. लक्षांत घेणें म्हणजे मान्य करणें नव्हे. आणि अंतिम नियम एकदां गॅझेटांत आला, कीं तो रीतसर झाला याचा तोच निर्णायक पुरावा समजला जातो. म्हणजे बोलावयाचें तें मुदतींतच.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमरावतीस काँग्रेस भरली. शंकरन् नायर अध्यक्ष होते व दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. त्या पिढीच्या अर्ज-विनंत्यांना हंसण्याची आम्हां शाळामास्तरांना फार संवय. मींहि वर्गांत हंसलों आहें. पण कोणत्या कलमानें कोणाचें नुकसान होतें हें कागदावर मांडण्याची विद्या त्यांच्यापाशीं होती, हें मला निवृत्तीनंतर उमगलें.

शेतकऱ्याच्या जागेचा प्रश्न पुढें तीस वर्षें तसाच राहिला. १९२६ सालीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं शेतीचें रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्यानें प्रांतोप्रांतीं प्रश्नावली पाठवून लेखी व तोंडी साक्षी घेतल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या साक्षींचा स्वतंत्र खंड छापलेला आहे. सगळा व्यवहार इंग्रजींत. तेव्हां नांगर धरणाऱ्याचें म्हणणें दुसऱ्याच्या मुखानेंच तेथवर पोंचावयाचें. तरीसुद्धां १९२८ च्या अहवालानें वऱ्हाडच्या बाजारांवर नेमका तोच दोष ठेवला : शेतकऱ्यास प्रतिनिधित्व नाहीं व तंटे मिटविण्याची सोय नाहीं. मुंबई इलाख्यानें १९२७ च्या आपल्या कापूसबाजार कायद्यांत शेतकऱ्यास जागा दिली होती. वाट आम्हीं दाखविली आणि पुढें गेले दुसरेच! महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानें बाजार समितींत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि संख्येनें सर्वांहून अधिक झाले.

मग आतां विचारणें सुटलें काय? कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढें ठेवावा, असें धोरण केंद्र सरकारनें २०१४ सालीं ठरविलें. पण तें धोरण आहे, कायदा नव्हे. २०२० च्या जून महिन्यांत शेतमालाच्या व्यापाराविषयीं वटहुकूम निघाले, सप्टेंबरांत त्यांचे कायदे झाले, आणि लोकांचीं मतें मागविलीं तीं २०२१ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या समितीनें. त्याच वर्षाअखेर ते कायदे मागें घेतले गेले. ते बरे होते कीं वाईट, यांत मी शिरत नाहीं. पण आधीं काय विचारावयाचें तें मागून विचारलें गेलें, एवढें तर खरें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी बाजाराच्या एका नियमाविरुद्ध चार पानें संताप लिहून माझ्याकडे आला. मीं विचारलें, “बाबा, कलम कोणतें? क्विंटलामागें कपात किती?” त्यास सांगतां येईना. मग आम्हीं दोघांनीं तोलाच्या पावत्या ओटीवर मांडल्या, बेरजा केल्या, आणि चार पानांचें एक पान केलें. तो तें घेऊन गेला, तों मुदत दोन दिवसांपूर्वींच संपलेली. मसुद्याचा कागद फळ्यावर दुसऱ्या कागदाखालीं दडला होता. कारकुनानें अर्ज ठेवून घेतला, पोंच मात्र दिली नाहीं. आतां तो बाजारांत आला कीं गाडी रांगेंत लावून आधीं फळ्याकडे जातो, आणि वरचा कागद उचलून खालचा पाहतो.