याएल : मेख आणि धन्यता

जुन्या करारातील काही स्त्रियांपाशी वाचकाचे मन अडखळते. याएल ही त्यांपैकी एक होय.

तिची कथा शास्ते या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात येते. कनानी राजा याबीन याचा सेनापती सीसरा याच्यापाशी ९०० लोखंडी रथ होते. २० वर्षे इस्राएल लोक त्या जुलमाखाली भरडले जात होते. अखेर दबोरा या संदेष्ट्रीच्या सांगण्यावरून बाराक १०,००० माणसांसह ताबोर डोंगरावरून उतरला. सीसराचे सैन्य उधळले आणि तो पायीच पळत सुटला. केनी हेबेराच्या घराण्याचा याबीनशी सलोखा होता. म्हणून हेबेराची पत्नी याएल हिने तंबूत बोलावताच तो निःशंकपणे आत गेला. त्याने पाणी मागितले, तिने दूध दिले, अंगावर पांघरूण घातले. तो झोपी जाताच तिने तंबूची मेख त्याच्या कानशिलात ठोकली.

आश्रयाला आलेल्याचा घात करणारी ही स्त्री! तरीही पाचव्या अध्यायातील दबोरेचे गीत तिला स्त्रियांमध्ये धन्य म्हणते. सीसरा एका स्त्रीच्या हाती पडेल, असे भाकीत दबोरेने केले होते. पण याएलला देवाने तशी आज्ञा दिली, असे ग्रंथ म्हणत नाही.

त्याच गीताच्या अखेरीस खिडकीशी उभी राहून मुलाची वाट पाहणारी सीसराची आई दिसते. आपल्याला तिची कणव येते. पण विजेत्यांना लुटीत प्रत्येकी एकदोन मुली मिळत असतील, या विचाराने तिचे समाधान होते. सीसरा जिंकता तर काय घडते, हे त्यावरून उमगते.

पुढील काळाने याएलला निरनिराळ्या रूपांत पाहिले. १४ व्या शतकातील ‘मानवी तारणाचा आरसा’ या लॅटिन ग्रंथाने तिच्यात सैतानावर जय मिळविणाऱ्या मरियेची पूर्वछाया पाहिली. १६ व्या शतकातील मुद्राचित्रांत ती पुरुषांना फसविणाऱ्या स्त्रियांच्या रांगेत बसली. १६२० साली आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीने तिला शांतपणे हातोडा उगारताना रंगविले.

लूकच्या शुभवर्तमानात एलिझाबेथ त्याच धन्यतेच्या शब्दांनी मरियेचे स्वागत करते. याएलच्या हाती हातोडा होता. मरियेच्या उदरी बालक होते. पवित्र शास्त्राने याएलचे कृत्य झाकले नाही आणि तिचे नावही पुसले नाही. ‘नमो मरिया’ म्हणताना आपण उच्चारतो तो शब्द एकेकाळी रक्ताने माखलेल्या तंबूतही उमटला होता. शस्त्रापासून पाळण्यापर्यंतचा त्याचा हा प्रवास आपण विसरू नये.