तळटीप ३१ : बेडकांचे बिजू
एस. डी. बिजू मूळचे वनस्पतिशास्त्राचे. रानात हिंडता हिंडता बेडकांकडे वळले ते कायमचेच. २००३ साली फ्रँकी बॉस्युट यांच्यासह त्यांनी जगापुढे आणलेला ‘नासिकाबॅट्रेकस सह्याद्रेन्सिस’ हा जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक जवळजवळ वर्षभर जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो आणि पावसाच्या तोंडावर विणीपुरता वर येतो. सह्याद्रीतल्या या बेडकाचे सर्वांत जवळचे नातलग राहतात सेशेल्स बेटांवर. एकेकाळी एकसंध असलेला भूखंड फुटल्याची खूण अशी एका बेडकाच्या अंगात जपलेली असावी, याचे मला आजही विलक्षण अप्रूप वाटते. लेखकाने म्हटलेला ‘आंबोलीचा भेक’ म्हणजे कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला ‘झँथोफ्राइन टायगरिना’. २००९ मध्ये बिजू, वरद गिरी आदींनी त्याचे वर्णन केले. जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो.