दूध तोडण्याची घाई

बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. अंगावर पाजतेस की वरचं देतेस? ‘वरचं’ म्हणताना आईचा आवाज खाली येतो. डब्याचे दूध पाजणारी म्हणजे कुठेतरी कमी पडलेली, असा निकाल तिथेच लागतो. आपल्या घरांत त्याला दीनचा आधारही दिला जातो. कुरआनने दोन वर्षे सांगितली आहेत ना!

सांगितली आहेत. पण सूरह अल-बकराची ती २३३ वी आयत पुरी वाचावी. दोन वर्षांची मुदत ती पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे. मुलापायी आईचे नुकसान होऊ नये, बापाचेही होऊ नये. दोघांनी सल्लामसलत करून आधी दूध तोडले तर दोष नाही. दुसऱ्या बाईकडून पाजायचे असेल तर तिचा मोबदला रीतीप्रमाणे द्यावा, त्यातही दोष नाही. स्वतः पैगंबर (स.) वाळवंटातल्या बनू साद कबिल्याच्या हजरत हलीमा (रजि.) यांच्या दुधावर वाढले. त्यावरून बीबी आमिना यांना कोणी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही.

बापाचा खर्च आणि दूधआईचा मोबदला, म्हणजे त्या आयतीत दुधाबरोबर पैशाचाही विचार आहे. आपण नेमका तोच भाग गाळून सांगतो.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतला प्रसंग इब्न साद यांनी नोंदवला आहे. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन खलिफा रात्री पहाऱ्याला गेले. एक मूल सारखे रडत होते. त्यांनी जाऊन आईला समजावले, बाळाकडे नीट बघ. थोड्या वेळाने पुन्हा रडणे, पुन्हा समजावणे. पहाटेकडे ते तिसऱ्यांदा गेले आणि तिला रागावले. समोर कोण आहे हे तिला ठाऊक नव्हते. वैतागून ती म्हणाली, मी याचे दूध तोडतेय आणि तो ऐकत नाही. एवढी घाई का? कारण उमर दूध तुटलेल्या मुलांनाच भत्ता देतो! मूल अवघ्या काही महिन्यांचे होते.

फज्रच्या नमाजेत उमर इतके रडत होते की मागच्यांना त्यांची तिलावत नीट कळेना. आपल्या नियमाने किती मुलांचा जीव घेतला असेल, ही खंत त्यांनी बोलून दाखवली. मग दवंडी पिटवली की कोणी दूध तोडण्याची घाई करू नये, भत्ता जन्मापासून मिळेल. प्रांतोप्रांती तसे लिहूनही पाठवले. त्या बाईला त्यांनी रात्री तीनदा उपदेश केला होता, पण सकाळी बदलला तो स्वतःचा नियम.

घाई लावणारे पुढेही आले. १८६७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी बाळांसाठी दुधाची पूड बाजारात आणली. ज्या तान्ह्याला आईचे दूध मिळणे शक्य नाही त्याला अशा पुडीने जगवले, हे मान्यच करायला हवे. पण शंभर वर्षांनी आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत कंपन्या फुकट डबे वाटू लागल्या. डबा संपेपर्यंत आईचे दूध आटलेले असे. पुढचा डबा परवडत नसे, मग पूड पातळ कालवली जाई, तीही गढूळ पाण्यात. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत या विक्रीवर संहिता आली, तेव्हा विरोधात मत देणारा देश एकच होता, अमेरिका. भारताने १९९२ मध्ये कायदा करून अशा जाहिराती बंद केल्या.

जाहिरात बंद झाली, घाई राहिली. २०१७ पासून आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणी. मालेगावात घरातच कांड्या भरणारी, मुंब्र्यात नगावर शिवणकाम करणारी बाई कुठल्याच हजेरीपटावर नसते. चाळीस दिवस उलटले की ती कामाला बसते, आणि बाळाच्या तोंडी बाटली जाते. तिला भेटायला जाणाऱ्यांनी तो पहिला प्रश्न तिच्या नवऱ्याला, नाहीतर तिला काम देणाऱ्या शेठला विचारून बघावा.