यदृच्छेचे माप

वेड्यावाकड्या वस्तूचे घनफळ काढण्याची आर्किमिडीजची युक्ती सर्वांस ठाऊक आहे : वस्तू पाण्यात बुडवावी आणि वर चढलेले पाणी मोजावे. परंतु ग्रॅनाइटच्या शिळेत विखुरलेल्या क्वार्ट्झचे घनफळ कसे मोजावे? ते अखंड बाहेर काढता येत नाही, मग बुडवणार काय?

फ्रेंच भूवैज्ञानिक देलेस यांनी १८४७ साली याचे उत्तर दिले. शिळेच्या छेदावर खनिजाने क्षेत्रफळाचा जेवढा हिस्सा व्यापलेला असतो, सरासरीने तेवढाच हिस्सा ते शिळेच्या घनफळात व्यापते. छेदावरील आकृत्या तेलकट कागदावर उतरवून घेऊन, त्याबरहुकूम कथलाचा वर्ख कापून ते तुकडे तोलीत. १८९८ मध्ये रोझिवाल यांनी क्षेत्रफळाऐवजी रेषांची लांबी मोजली. १९३३ मध्ये रशियातील ग्लागोलेव यांनी नुसते बिंदू मोजले. ४०० बिंदूंपैकी १२० क्वार्ट्झवर पडले, तर क्वार्ट्झ सुमारे ३० टक्के.

मोजणी अशी सोपी होत गेली, तसतसा निवडीचा प्रश्न मात्र कठीण झाला. छेद कोठे घ्यावा आणि बिंदू कोठे पडावा, हे मोजणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने ठरविले, तर चकाकणाऱ्या कणांकडे नजर ओढली जाणारच. अशा पक्षपाती निवडीत बिंदू कितीही वाढविले तरी दोष जात नाही. निवड यदृच्छेवर सोपविली, तर चूक राहतेच. पण ती किती असू शकेल हे सांगता येते. स्वतंत्रपणे टाकलेल्या बिंदूंच्या बाबतीत ती निम्मी करावयाची तर बिंदू चौपट लागतात. १९४६ मध्ये लॉस अ‍ॅलॅमॉस येथील उलाम यांना सुचलेल्या आणि पुढे ‘माँटे कार्लो’ या नावाने रूढ झालेल्या गणनपद्धतीचा आधारही हाच आहे.

आज मेंदूतील गाठीचे घनफळही असे काढता येते. चित्रछेद अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर, प्रत्येक बिंदूच्या वाट्याला एक चौरस सेंटिमीटर, आणि सर्व छेदांत मिळून गाठीवर ६० बिंदू : घनफळ ३० घन सेंटिमीटर. अट एवढीच, की पहिल्या छेदाची जागा यदृच्छेने ठरलेली असावी.

शासकीय सेवेत आम्ही पीककापणी प्रयोग पाहिले. तेथेही शेतातील तुकडा यादृच्छिक आकड्यांवरून ठरे, आणि तो बांधाजवळच्या खुरट्या पिकात आला की जागा बदलण्याचा मोह उपस्थितांस होई. तो मोह आवरला, तरच त्या आकड्याला अर्थ राहतो. म्हणून कोणताही अंदाज समोर आला, की नमुना किती मोठा होता यापूर्वी तो कोणी आणि कसा निवडला, हे विचारावे असे आम्हांस वाटते.